पैवस्तीची तारीख : एका ग्रंथाची प्रस्तावना

पेशवे दप्तरातील मोडी पत्रे चाळू लागले म्हणजे एक गोष्ट लवकरच ध्यानात येते, ती ही की त्यांपैकी पुष्कळ पत्रांवर तारखा दोन असतात : एक लिहिणाराने घातलेली, कागद रवाना झाल्याची, आणि दुसरी, कागद हाती पडल्यावर तो घेणाऱ्या कारकुनाने स्वतःच्या हाताने टिपलेली, ‘पै॥’ या संक्षेपाने आरंभ होणारी, म्हणजे पैवस्तीची. पहिली तारीख ही लिहिणाराची जबानी, दुसरी ही घेणाराची. आणि या दोन जबान्यांच्या मधल्या अवकाशात जासुदाची वाटचाल, नद्यांचे पूर, घाटातले मुक्काम आणि क्वचित कोणी मुद्दाम केलेली अडवणूक, असे सारे काही दडलेले असते. कारकुनांनी ही दुसरी तारीख टिपण्याचा प्रघात पाळला नसता, तर कोणती बातमी कोणत्या निर्णयापूर्वी दरबारी पोचली होती आणि कोणती नंतर, याचा उलगडा करणे इतिहाससंशोधकांस फार कठीण गेले असते.

प्रस्तुत ग्रंथाचा विषय संगणकांच्या जाळ्यातील घड्याळे हा असला, तरी तो या दोन तारखांपासून फार दूरचा नाही. ज्या जाळ्याला एकच धनी असतो, तेथे वेळेचा प्रश्न हुकुमाने मिटतो. धन्याचे घड्याळ तेच खरे घड्याळ, आणि इतरांनी त्याबरहुकूम आपली घड्याळे लावावीत, एवढेच तेथे उरते. परंतु ज्या जाळ्यात धनी कोणीच नाही, ज्यात शेकडो वा सहस्रावधी यंत्रे परस्परांस न ओळखता, निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या मालकांच्या ताब्यात राहून एकच व्यवहार मिळून चालवीत असतात, तेथे वेळ कोणास विचारावी, सांगणाऱ्यावर विश्वास का ठेवावा, आणि ठेवावयाचा तर किती ठेवावा, हे प्रश्न हुकुमाने सुटत नाहीत. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसास वेळ विचारली आणि त्याने ती सांगितली, की ‘कशावरून?’ असे आपण पुन्हा विचारीत नाही. आपला बहुतेक संगणकीय व्यवहार आजही याच भाबड्या सौजन्यावर उभा आहे, आणि ते सौजन्य कोठे पुरे पडते व कोठे पडत नाही, याची शहानिशा करणे हा या लेखनाचा हेतू होय.

मला या विषयाकडे ओढले ते एका तंट्याने. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कचेरीतील संगणकांच्या नोंदी तपासून देण्याचे काम मजकडे आले होते. एका यंत्राच्या नोंदीप्रमाणे मागणी ज्या क्षणी गेली, त्याच्या सात सेकंद आधीच दुसऱ्या यंत्राच्या नोंदीत ती मंजूर झालेली दिसत होती. प्रश्नाआधी उत्तर आले, म्हणजे कोणी तरी नोंदीत फेरफार केला असला पाहिजे, अशा तर्काने एका कारकुनावर संशय घेण्यात आला होता, आणि चौकशी संपेपर्यंत त्या गृहस्थाने जो मनस्ताप सोसला तो मी प्रत्यक्ष पाहिला आहे. नोंदी दोन्ही प्रामाणिक होत्या. त्या दोन यंत्रांची घड्याळे एकमेकांशी कधी काळी जुळविलेली होती, मग कोणी त्यांकडे पाहिले नव्हते, एवढाच अपराध तेथे घडला होता. त्या दिवसापासून कोणत्याही नोंदीपुढील वेळ वाचताना ती कोणाच्या घड्याळाची, असा प्रश्न माझ्या मनात आल्यावाचून राहात नाही.

घड्याळे आपण होऊन एकमेकांपासून दूर जातात, हा त्यांचा स्वभावच आहे. मनगटी घड्याळात जो गारेचा स्फटिक असतो तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावेल अशा बेताने कापलेला असतो, आणि संगणकातही त्याच जातीचा स्फटिक काम करतो. परंतु साध्या स्फटिकाच्या चालीत दशलक्षात वीस भागांचा फरक सहज असतो, म्हणजे दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंद आणि महिन्याकाठी जवळजवळ एक मिनिट. त्यातच उन्हाळा-हिवाळा, यंत्राचे तापणे-निवणे यांनीही ती चाल बदलत राहते. सीझियमच्या अणूची गोष्ट निराळी. १९६७ साली सेकंदाची व्याख्याच त्याच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांवर बसविण्यात आली. परंतु अणुघड्याळ घरोघर ठेवता येत नाही, तेव्हा ज्याच्यापाशी ते आहे त्यास वेळ विचारणे प्राप्त होते, आणि विचारणे आले की विश्वास आला.

हा विश्वास संगणकांपूर्वीही माणसांस करावाच लागत होता. लग्नमंडपात घंगाळातल्या पाण्यावर बारीक छिद्राचे तांब्याचे घटिकापात्र सोडून त्याच्यावर डोळा ठेवून बसलेला जोशी जे सांगेल ते सारा मंडप मानीत असे. चोवीस मिनिटांची एक घटिका आणि अशा साठ घटिकांचा अहोरात्र, हे गणित सर्वांस ठाऊक, पण पात्रावरची नजर एकाची. मंडपापुरते हे ठीकच होते. आगगाडी आणि तारायंत्र आले तेव्हा मात्र गावोगावच्या वेळा एकमेकींवर आदळू लागल्या, आणि या बाबतीत मुंबईचा इतिहास मला फार बोधप्रद वाटतो. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, मद्रासची ५ तास २१ मिनिटे पुढे, आणि आगगाड्या चालत त्या मद्रासच्या वेळेने. म्हणून १८८१ साली सरकारने मुंबईवर मद्रासची वेळ लादून पाहिली, आणि लोकांच्या विरोधामुळे १८८३ साली तो हुकूम मागे घेतला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ अंमलात आली, तेव्हाही गिरण्यांतील कामगारांपासून महापालिकेच्या सभासदांपर्यंत अनेकांनी तिला कसून विरोध केला, आणि महापालिकेने तर एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली मुंबईची वेळ सुमारे १९५५ पर्यंत जतन केली. या पन्नास वर्षांच्या वादात कोणाचेही घड्याळ बिघडलेले नव्हते. सूर्याच्या हिशेबाने मुंबईचे घड्याळ अगदी बरोबर होते, आणि साम्राज्याच्या हिशेबाने सरकारचे. वाद होता तो अधिकाराचा. आणि विकेंद्रित जाळ्यात तोच वाद पुन्हा उभा राहतो, फक्त तेथे सभा भरवून ठराव करण्याची सोय नसते.

मुंबईत वेळेवर हा झगडा चालला होता त्याच काळात लंडनमध्ये एक बाई घरोघर वेळ विकीत हिंडत होती. रूथ बेलव्हिल हे तिचे नाव. तिच्या वडिलांनी १८३६ साली सुरू केलेला हा व्यवसाय तिने १९४० पर्यंत चालविला : ‘अर्नोल्ड’ या नावाने ओळखले जाणारे आपले खिशातले घड्याळ घेऊन ग्रिनिचच्या वेधशाळेत जावयाचे, तेथील घड्याळाशी ते ताडून पाहावयाचे, त्यात किती फरक आहे याचा दाखला घ्यावयाचा, आणि मग शहरातील घड्याळजींच्या दुकानी जाऊन तो दाखला व ते घड्याळ त्यांस दाखवावयाचे. तारायंत्राने वेळ पाठविण्याची व्यवस्था केव्हाच झालेली असूनही तिला गिऱ्हाईक मिळत राहिले. याचे कारण तिचे घड्याळ अचूक होते हे नव्हे; ते किती चुकीचे आहे, हे तिला माहीत होते आणि ती ते लपवीत नव्हती, हे होय. ज्या सांगण्यास चुकीच्या मर्यादेची जोड नाही ते सांगणे घड्याळाच्या व्यवहारात अपुरे असते, ही गोष्ट त्या बाईस जितकी कळली होती तितकी पुढल्या काळातल्या कित्येक यंत्रकारांस कळलेली दिसत नाही. २०१२ साली गूगलच्या अभियंत्यांनी ‘स्पॅनर’ या आपल्या प्रचंड माहितीसंग्रहाचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात घड्याळ एक क्षण न सांगता ‘या क्षणापासून त्या क्षणापर्यंत कोठे तरी’ असे एक अंतर सांगते, आणि ते अंतर उलटून जाईपर्यंत तो संग्रह व्यवहार पक्का करीत नाही. रूथ बेलव्हिलचा दाखला तो हाच.

इंटरनेटवरील वेळेचा मूळ पुरुष म्हणून ज्यांचे नाव घ्यावे लागते ते डेव्हिड मिल्स. ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’, संक्षेपाने एनटीपी, याचा पहिला मसुदा त्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केला, डेलावेअर विद्यापीठात राहून अनेक दशके तो सुधारला, आणि दृष्टी अधू असतानाही, पुढे ती जवळजवळ गेल्यावरही, या कामावरचे प्रेम सोडले नाही. २०२४ च्या जानेवारीत ते निवर्तले. या व्यवस्थेत वेळ स्तरास्तरांनी खाली उतरते : अणुघड्याळ किंवा उपग्रहाचा सिग्नल सर्वांत वर, त्याला जोडलेला सर्व्हर पहिल्या स्तरावर, त्याला विचारणारा दुसऱ्यावर, अशी पंधरा पायऱ्यांपर्यंत ही उतरंड जाऊ शकते. पण मिल्स यांच्या रचनेचे मर्म उतरंडीत नसून तारखांत आहे, आणि येथेच पैवस्तीची आठवण होते. विचारणारा आपल्या घड्याळाने प्रश्न रवाना केल्याची वेळ टिपतो. सांगणारा प्रश्नाची पैवस्ती आणि उत्तराची रवानगी अशा दोन वेळा आपल्या घड्याळाने टिपतो. आणि उत्तर आल्यावर विचारणारा त्याची पैवस्ती टिपतो. या चार तारखांवरून वाटेत एकूण किती काळ गेला हे काढता येते, आणि जाण्यास व येण्यास सारखाच काळ लागला असे गृहीत धरून दोन घड्याळांतील फरकही काढता येतो.

‘सारखाच काळ लागला असे गृहीत धरून’ हे शब्द वाचकाने क्षणभर थांबून पुन्हा वाचावेत अशी माझी विनंती आहे, कारण साऱ्या विषयाची कळ त्यांत आहे. जाताना दहा मिलिसेकंद आणि येताना सत्तर लागले, तरी हिशेब चाळीस-चाळीसचाच धरला जाणार आणि घड्याळ तीस मिलिसेकंदांनी चुकणार. आणि ही चूक विचारणाऱ्यास आतून कधीच दिसणार नाही. पत्रावर कितीही भक्कम शिक्कामोर्तब केले, मजकूर कितीही गुप्त लिपीत लिहिला, तरी जासुदाला वाटेत कोणी थांबवून धरले तर मजकूर शाबूत राहून तारीख मात्र खोटी पडते. संदेशास जाणूनबुजून विलंब लावणाऱ्या शत्रूपुढे गूढलेखनशास्त्र हात टेकते ते यामुळे. एकच आधार उरतो, तो हा, की एकूण लागलेला काळ विचारणाऱ्यास आपल्याच घड्याळाने मोजता येतो, आणि सांगणारा प्रामाणिक असल्यास चूक त्याच्या निम्म्याहून अधिक असू शकत नाही. फेरी ऐंशी मिलिसेकंदांत पुरी झाली, तर चाळिसांहून मोठी फसवणूक वाटेत झालेली नाही. शत्रूने विलंब वाढविला, तर फेरीही लांबते आणि संशयाची मर्यादाही आपोआप रुंदावते. कोणाच्या सचोटीची ग्वाही न मागता, केवळ प्रकाशाच्या वेगाच्या जामीनकीवर मिळणारा हा विश्वास आहे, आणि माझ्या मते या शास्त्राची ही सर्वांत सुंदर गोष्ट होय.

मिल्स यांच्या पुष्कळ आधी, १९७८ साली, लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एक निबंध लिहून या प्रश्नाची दुसरीच बाजू उघड केली होती. पुष्कळ व्यवहारांत आपल्याला वेळ नकोच असते, पाहिजे असतो तो क्रम. आणि क्रम ठरविण्यास संदेश पुरेसे आहेत, कारण संदेश मिळण्यापूर्वी तो निघालेला असलाच पाहिजे. प्रत्येक यंत्राने एक आकडा बाळगावा, प्रत्येक घटनेस तो वाढवावा, आलेल्या संदेशावरील आकडा आपल्याहून मोठा असल्यास आपला त्याच्याही पुढे न्यावा, एवढ्या साध्या नियमाने कार्य कारणाच्या आधी नोंदले जाण्याचा अनर्थ टळतो. माझ्या त्या कारकुनाचा छळ एवढ्याने वाचला असता. तथापि ज्या दोन घटनांमध्ये एकही संदेश गेला नाही, त्यांतील आधीची कोणती, याबद्दल हा मार्ग मौन पाळतो, आणि मुदत संपली की नाही, परवाना अजून चालू आहे की नाही, या प्रश्नांस तर त्याच्यापाशी उत्तरच नाही. म्हणून खऱ्या घड्याळावाचून सुटका नाही. लॅम्पोर्ट यांनीही त्याच निबंधाच्या उत्तरार्धात खऱ्या घड्याळांचाच विचार केला आहे.

खऱ्या घड्याळांपैकी काही खोटे बोलत असतील तर काय, हा प्रश्न १९८० नंतरच्या दशकात फार कसोशीने सोडविला गेला. तीन यंत्रे आहेत आणि त्यांतील एक दुतोंडी आहे, असे समजा : ते पहिल्यास दहा वाजले सांगते, दुसऱ्यास दहा वाजून दहा मिनिटे; दोघांचीही घड्याळे थोडीफार पुढेमागे असल्याने त्या दोघांसही ते आपल्याच बाजूचे वाटते, आणि ते दोघे प्रामाणिक असूनही एकमेकांपासून दूर ओढले जातात. लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीस यांनी १९८२ साली बायझँटाइन सेनापतींच्या रूपकातून मांडलेला निष्कर्ष घड्याळांसही लागू पडतो, हे डोलेव्ह, हॅल्पर्न आणि स्ट्राँग यांनी १९८४ साली सिद्ध केले : सही-शिक्क्याची सोय नसेल तर एक लबाड सोसण्यास निदान चार यंत्रे पाहिजेत, दोन सोसण्यास सात. सही करता आली तर ही अट सैल होते, कारण मग दुतोंड्याचे दोन निरनिराळे लेखी जबाब समोरासमोर ठेवता येतात. आपल्याकडील गोतसभेच्या महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, नाना जातीजमातींच्या वतनदारांनी साक्षी घातलेल्या असत, लिहिता येणाऱ्यांनी अक्षराने आणि न येणाऱ्यांनी नांगरासारख्या निशाण्यांनी. साक्ष कागदावर उतरली की साक्षीदारास घरोघर निराळे बोलण्याची मुभा राहात नाही, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. १९८४ सालीच जेनिफर लुंडेलियस आणि नॅन्सी लिंच यांनी दाखविले की सर्व यंत्रे सत्यवादी आणि सर्व घड्याळांची चाल निर्दोष असली, तरीही संदेशांच्या विलंबातील अनिश्चिततेमुळे काही फरक राहणारच. हा निकाल वाचला तेव्हा मला निराशा न वाटता मोकळे वाटले; संपूर्ण मेळ अशक्य आहे हे एकदा मान्य केले की कितपत बेमेळ चालेल, हा विचार करता येतो.

साक्षीदार किती, याहून ते परस्परांपासून किती स्वतंत्र, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे ‘टिक’ आणि ‘टॉक’ हे दोन नामांकित सर्व्हर काही काळ २००० हे साल सांगू लागले. ज्यांनी चार-पाच निरनिराळ्या ठिकाणी विचारण्याची सावधगिरी ठेवली होती त्यांच्या यंत्रांनी ही साक्ष फेटाळली; कीथ मार्झुलो यांच्या पद्धतीवरून मिल्स यांनी बसविलेली निवड हेच काम करते, प्रत्येकाने सांगितलेली मर्यादा मांडून जास्तीत जास्त साक्षी जेथे एकमेकींस छेदतात तेवढा भाग घेते आणि बाहेरच्यांस खोटे ठरविते. ज्यांनी केवळ त्या दोघांच्या कीर्तीवर भिस्त ठेवली होती, त्यांची यंत्रे बारा वर्षे मागे गेली. येथे बहुमताने तारले. परंतु २६ जानेवारी २०१६ रोजी जीपीएसचा एक जुना उपग्रह सेवेतून काढताना झालेल्या चुकीमुळे अनेक उपग्रह प्रमाणवेळेत १३.७ मायक्रोसेकंदांची चूक सांगू लागले, आणि जगभरच्या कित्येक ग्राहकयंत्रांनी ती एकमुखाने उचलली. दहा सर्व्हर एकच वेळ सांगतात म्हणून निःशंक झालेल्या माणसाने त्या दहांनी ती कोठून घेतली, हे विचारलेले नसेल, तर त्याच्यापाशी साक्षीदार एकच आहे; बाकीचे नऊ त्याचे प्रतिध्वनी होत.

वेळ सांगणारा खरोखर तोच आहे हे ओळखावयाचे कसे, या बाबतीत अलीकडे प्रगती पुष्कळ झाली. एनटीपीचे संदेश दीर्घकाळ सही-शिक्क्यावाचून उघडेच हिंडत असत. २०२० साली ‘नेटवर्क टाइम सिक्युरिटी’ हे प्रमाण प्रसिद्ध झाल्यापासून त्यांस प्रमाणित करण्याची नीट सोय झाली. यात एक चमत्कारिक पेच आहे. सर्व्हरची ओळख पटवावयाची ती त्याच्या प्रमाणपत्रावरून, प्रमाणपत्राची मुदत आहे की संपली हे पाहावयाचे ते आपल्या घड्याळावरून, आणि आपले घड्याळ तर अजून लागलेलेच नाही. २०१६ साली गूगलमधून निघालेल्या ‘रफटाइम’ने निराळा विचार केला : वेळ काही सेकंदांच्या अंदाजाने मिळाली तरी चालेल, पण प्रत्येक उत्तर सहीनिशी असावे, आणि दुसऱ्यास विचारताना पहिल्याच्या उत्तराचा ठसा प्रश्नातच गुंफलेला असावा, म्हणजे एखाद्याने असंभवनीय वेळ सांगितली तर ती केव्हा व कोणानंतर सांगितली याचा नाकारता न येणारा पुरावा जगापुढे मांडता येईल. जेरूसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली मांडलेली ‘क्रोनोस’ ही पद्धती शेकडो सर्व्हरांच्या यादीतून दर वेळी काहींस यदृच्छेने निवडते, त्यांच्या उत्तरांतील वरचा आणि खालचा तिसरा हिस्सा टाकून देते, आणि मधल्यांची सरासरी घेते. शत्रूने काही सर्व्हर फितविले असले तरी नेमके तेच दर वेळी निवडले जाण्याचा संभव अत्यल्प राहतो. २००३ पासून स्वयंसेवकांच्या सर्व्हरांवर चालत आलेला ‘एनटीपी पूल’ नसता, तर असे शेकडो साक्षीदार आणावयाचे कोठून, हा प्रश्नच पडला असता. त्या अनाम माणसांच्या पदरमोडीबद्दल मला मनःपूर्वक आदर वाटतो.

धनी नसलेल्या जाळ्यात या साऱ्या उपायांखालची जमीनच सरकते, कारण तेथे शिरगणती करता येत नाही. एकच माणूस सहस्र नावे धारण करून सहस्र साक्षी देऊ शकतो, तेथे तीनास एक किंवा बहुमत या शब्दांना अर्थ उरत नाही. २००९ साली सुरू झालेल्या बिटकॉइनने येथे जो मार्ग काढला तो त्याच्या मर्यादांसह अभ्यासण्यासारखा आहे. त्याच्या वहीतील प्रत्येक नव्या पानावर, त्यांच्या भाषेत ब्लॉकवर, वेळ असते. ती मागील अकरा पानांच्या मध्यकाहून पुढची असली पाहिजे, आणि पान तपासणाऱ्याच्या वेळेहून दोन तासांपेक्षा अधिक पुढची नसली पाहिजे. एवढी ढिलाई चालते, कारण त्या वेळेचे मुख्य काम दर २०१६ पानांनी, नवे पान जोडण्यासाठी कराव्या लागणाऱ्या गणनेची काठिण्यपातळी ठरविणे एवढेच आहे, आणि खरा क्रम वेळेने नव्हे तर पानांच्या साखळीनेच ठरतो. पण तपासणाऱ्याची वेळ ती कोणती? मूळ रचनेत ती आपल्याशी जोडल्या गेलेल्या इतर यंत्रांच्या वेळांचा मध्यक घेऊन, सत्तर मिनिटांच्या आतच, सुधारली जात असे. म्हणजे शत्रूने पुरेशी यंत्रे आपल्याभोवती उभी केली की आपले घड्याळ त्याच्या मुठीत. हा धोका २०११ सालीच वर्णिला गेला होता. वेळेच्या नोंदीशी खेळून काठिण्य पाडता येते हे एप्रिल २०१८ मध्ये ‘व्हर्ज’ या चलनावरील हल्ल्याने प्रत्यक्ष दाखविले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने नवी पद्धत स्वीकारली, तिच्यात तर बारा बारा सेकंदांचे नेमलेले खंड आहेत, आणि प्रत्येक सहभागी यंत्राने आपली पाळी आपल्याच घड्याळावर पाहून साधावयाची आहे. ते घड्याळ बहुधा एनटीपीवर लावलेले असते. कोणावरही विश्वास ठेवावा लागू नये म्हणून एवढा खटाटोप करून उभारलेल्या या जाळ्यांच्या पायाशी, ज्यांची नावेही वापरणारास ठाऊक नाहीत अशा थोड्या सर्व्हरांवरचा मूक विश्वास पडलेला आहे. आणि हे ऋण उघड करून त्याचा हिशेब मांडावा, ही या ग्रंथामागची मुख्य प्रेरणा आहे.

मग अगदी वरच्या टोकाला तरी एक निर्विवाद घड्याळ आहे काय? नाही. जगाची प्रमाणवेळ पॅरिसजवळील सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालय ठरविते, ती ऐंशीहून अधिक संस्थांच्या चारशेहून अधिक अणुघड्याळांच्या नोंदी एकत्र करून. ज्या घड्याळाची चाल पूर्वी भरवशाची ठरली त्याच्या मतास वजन अधिक, पण कोणा एकाचे वर्चस्व होऊ नये म्हणून त्या वजनासही मर्यादा घातलेली. हा हिशेब महिन्यातून एकदा पत्रकाने प्रसिद्ध होतो, आणि आपापली घड्याळे गेल्या महिन्यात नेमकी किती चुकली होती हे राष्ट्रीय प्रयोगशाळांस तेव्हा कळते. दिल्लीची आपली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाही त्यांतच आहे. म्हणजे ज्यास आपण सर्वोच्च अधिकार समजतो ती वस्तुतः एक पंचायत आहे, आणि तिचा निवाडा काळ उलटून गेल्यावर लागतो. मला हे कळले तेव्हा विकेंद्रित जाळ्यांच्या प्रश्नाकडे पाहण्याची माझी दृष्टी पार बदलली. अधिकार आणि सहमती हे दोन पंथ एकमेकांचे वैरी म्हणून मांडण्याची पद्धत पडली आहे. येथे तर अधिकाराच्या शिखरावरच सहमती बसलेली दिसते, फरक इतकाच की त्या पंचायतीचे सभासद कोण आणि त्यांची पूर्वीची वर्तणूक कशी, याचे दप्तर उघडे आहे. विश्वास ठेवावयाचा तो स्रोतावर नव्हे, तर ज्या व्यवस्थेत स्रोताचे खोटे उघडकीस येते त्या व्यवस्थेवर, असे जे या ग्रंथाचे प्रतिपादन आहे ते या दप्तराच्या वाचनातून तयार झाले.

हा ग्रंथ आताच लिहिण्याचे कारण असे की वेळेवर टाकलेला भार फार वाढला आहे. मोबाइलवर दर तीस सेकंदांनी बदलणारा परवलीचा आकडा, काही महिन्यांतच मुदत संपणारी संकेतस्थळांची प्रमाणपत्रे, न्यायालयात पुरावा म्हणून येणाऱ्या यंत्रांच्या नोंदी, हे सर्व घड्याळ खरे आहे असे धरून चालतात. आपल्या देशात ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनी संस्थांच्या यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरांशी, अथवा त्यांच्यापर्यंत माग काढता येईल अशा सर्व्हरांशी जुळविणे बंधनकारक केले. नोंदींच्या तपासासाठी हे योग्यच झाले. परंतु दोनच दारांत रांग लावल्याने साक्षीदारांचे स्वातंत्र्य कितपत राहते, याचाही विचार व्हावयास हवा. शिवाय १९०० सालापासून सेकंद मोजणारा एनटीपीचा आकडा ७ फेब्रुवारी २०३६ रोजी भरून पुन्हा शून्यावर येणार आहे, आणि प्रमाणवेळेत अधूनमधून घातले जाणारे अधिक सेकंद २०३५ पर्यंत थांबविण्याचा ठराव राष्ट्रांनी २०२२ साली केला आहे. तोवर तो सेकंद एकदम घालणारे आणि दिवसभर थोडा थोडा पसरून घालणारे असे दोन प्रामाणिक सर्व्हरही त्या दिवशी एकमेकांशी असहमत होतील. प्रत्येक मतभेद म्हणजे लबाडी नव्हे, हे यंत्रास शिकविणे फार अवघड आहे.

या ग्रंथात गणित आहे, पण ते शाळेतील बीजगणितापलीकडे क्वचित गेले आहे. दूरसंचार व वीजवहन यांतील नॅनोसेकंदांपर्यंतच्या अचूकतेचा स्वतंत्र विचार मी केलेला नाही. तेथे तारा आणि यंत्रे एकाच धन्याच्या ताब्यात असतात, आणि माझा रोख जेथे तसा धनी नाही तिकडे आहे. पारिभाषिक शब्द शक्य तेथे रुळलेलेच घेतले असून ‘सर्व्हर’ला नवे नाव देण्याच्या भरीस पडलो नाही, ‘पैवस्ती’ मात्र मी आग्रहाने वापरली आहे, कारण संदेश मिळाल्याच्या स्वतः टिपलेल्या वेळेस इतका नेमका शब्द मला अन्यत्र आढळला नाही.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी वाचकाने एक काम करावे. आपला संगणक किंवा फोन वेळ कोणास विचारतो, त्या सर्व्हरांची नावे कोणती, ती कोणी घातली, आणि ते सर्व्हर स्वतः वेळ कोठून घेतात, हे जितके सापडेल तितके शोधून एका कागदावर लिहून ठेवावे, आणि त्याखाली त्या दिवसाची तारीख घालावी. सापडले नाही ते सापडले नाही असे लिहावे. शेवटच्या भागात, स्वतःसाठी साक्षीदार निवडण्याची वेळ येते तेव्हा, हा कागद पुन्हा हाताशी लागेल.